जकातीच्या पैशांतून पाण्याची टाकी बसवता येईल का?

प्रश्न : आमच्या वडिलांच्या इंतकालाला (निधनाला) वर्ष होत आले. त्यांच्या नावाने कोल्हापुरातील एका धर्मादाय दवाखान्याच्या आवारात पिण्याच्या पाण्याची टाकी बसवावी, असा आम्हा भावांचा विचार आहे. धाकट्याच्या मते हा खर्च यंदाच्या जकातीतून (इस्लाममधील बंधनकारक दानातून) भागवावा. तेथे सर्व धर्मांचे रुग्ण येतात. हे चालेल का? आणि टाकीवर वडिलांचे नाव घालावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टाकी अवश्य बसवा, मात्र जकातीतून नव्हे. निसाबाइतकी (ठरलेल्या किमान मर्यादेइतकी) मालमत्ता चांद्रवर्षभर बाळगणाऱ्यावर जकात फर्ज (बंधनकारक) असते, रोख रक्कम, सोने-चांदी आणि व्यापारी मालावर ती अडीच टक्के निघते, आणि तिचे आठ प्रकारचे हक्कदार कुराणाच्या नवव्या सूरेतील (अध्यायातील) 60व्या आयतीत (वचनात) सांगितले आहेत. इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेनुसार ती हक्कदाराच्या मालकीत गेली पाहिजे; सार्वजनिक टाकीच्या बाबतीत तसे होत नाही. भावाचा हेतू चांगला असला, तरी एका रकमेत दोन्ही कामे उरकण्याचा हा हिशेब धर्मशास्त्रात बसत नाही.

तुमच्या मनात आहे तो नफ्ल सदका, म्हणजे ऐच्छिक दान. त्याला दर नाही, ठरावीक दिवस नाही, घेणाऱ्याच्या धर्माची अटही नाही. त्यातही पाण्याला मोठा मान आहे. आईच्या मृत्यूनंतर तिच्यासाठी कोणता सदका उत्तम, असे पैगंबरांचे सहकारी साद बिन उबादा यांनी विचारले असता पैगंबरांनी ‘पाणी’ असे उत्तर दिले आणि साद यांनी आईच्या नावे विहीर खोदली, अशी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. लोक जोवर पाणी पितात तोवर देणाऱ्याला सवाब (पुण्य) पोहोचत राहतो, म्हणून अशा दानाला सदका-ए-जारिया (सतत चालू राहणारे दान) म्हणतात.

विहीर खोदून साद यांनी ‘ही सादच्या आईसाठी’ असे म्हटले. तेव्हा नाव घालणे निषिद्ध नाही. दुसऱ्या सूरेतील 271वी आयत उघड दानालाही चांगले म्हणते, पण गरजूंना गुपचूप देणे अधिक चांगले मानते. उपकार बोलून दाखवल्याने सदका वाया जातो, असा इशारा 264व्या आयतीत आहे. नाव लहान अक्षरांत असावे. (आपल्याकडे कधी कधी टाकीपेक्षा फलकच मोठा असतो!) उद्घाटनाचा बेत असेल तर तो मात्र सोडून द्यावा आणि त्याचे पैसे टाकीची सफाई, नळदुरुस्ती व वीजबिल यांसाठी दवाखान्याकडे आगाऊ जमा करावेत.