वर्णनाच्या मजकुरात एचटीएमएल चालते का?

प्रश्न : आम्ही एका सेवेचा एपीआय (म्हणजे इतर प्रोग्रॅमनी ती सेवा कशी वापरायची याची व्यवस्था) ओपनएपीआय ३.० या एपीआय मांडण्याच्या प्रमाण स्पेसिफिकेशनमध्ये मांडला आहे. त्यातल्या वर्णनाच्या रकान्यात एचटीएमएलचा (वेबपाने लिहिण्याच्या भाषेतला) तक्ता घातला, तर ही मांडणी वाचकाला दाखवणाऱ्या एका साधनात तो नीट दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही. शिवाय कोनी कंसात इंग्रजी लिपीत लिहिलेला एक शब्द दोन्हीकडे गायब झाला. स्पेसिफिकेशन याबाबत नेमके काय सांगते?

उत्तर : तुमची दोन्ही साधने नियमाला धरूनच वागत आहेत. जुलै २०१७ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीने वर्णनात मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकूर सजवण्याची पद्धत), तेही कॉमनमार्क या त्याच्या प्रमाणित रूपातले, लिहिण्याची मुभा दिली आणि जे साधन सजवलेला मजकूर दाखवते त्याने किमान कॉमनमार्क ०.२७ समजून घेतलेच पाहिजे, असे बंधन घातले. एचटीएमएल वर्णनात शिरते ते या कॉमनमार्कच्या वाटेने, कारण मार्कडाउनमध्ये आलेले टॅग (एचटीएमएलच्या कोनी कंसातल्या खुणा) जसेच्या तसे पुढे पाठवावेत असा कॉमनमार्कचा नियम आहे. मात्र त्याच परिच्छेदात, सुरक्षिततेच्या कारणासाठी कॉमनमार्कच्या काही सुविधा वगळण्याची मोकळीक साधनांना दिलेली आहे. ही मोकळीक मला योग्यच वाटते. परक्याने लिहिलेल्या वर्णनातून स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) चालू शकत असेल, तर ते वर्णन वाचणाऱ्या प्रत्येकाला धोका असतो. म्हणून एचटीएमएल लिहिण्यास मनाई नाही, पण ते दिसेलच अशी हमीही नाही. जी माहिती वाचकापर्यंत पोचलीच पाहिजे, ती केवळ टॅगच्या भरवशावर ठेवू नये.

तक्त्यासाठी एचटीएमएलकडे वळावेसे का वाटते, हे मी समजू शकतो. ओपनएपीआयच्या २.० या आवृत्तीत गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचे मार्कडाउन अपेक्षित होते आणि त्यात उभ्या रेघांनी तक्ता काढता येतो. कॉमनमार्कमध्ये तक्त्याची सोयच नाही. तरीही तीच माहिती साध्या यादीत मांडणे अधिक भरवशाचे, कारण यादी मूळ कॉमनमार्कमध्येच आहे.

शब्द गायब होण्याचे कारण वेगळे आहे. इंग्रजी अक्षराने सुरू होणारा शब्द कोनी कंसात आला की कॉमनमार्क त्याला टॅग समजते. ब्राउझरला तो टॅग ओळखीचा नसतो, त्यामुळे काहीच उमटत नाही, आणि टॅग गाळणारे साधनही तो काढून टाकते. टॅगचे नाव इंग्रजी अक्षरानेच सुरू व्हावे लागत असल्यामुळे तोच शब्द देवनागरीत लिहिला असता तर कंसासकट दिसला असता. यावर उपाय सोपा आहे: शब्द बॅकटिक (`) चिन्हांमध्ये ठेवावा, किंवा सुरुवातीच्या कंसाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी.

संक्षेप आणि शीर्षक या रकान्यांना मार्कडाउनची मुभा दिलेली नाही, तेव्हा तिथे टॅग लिहूच नयेत.

एचटीएमएलचा तक्ता ठेवायचाच असेल, तर त्याच्या मध्ये रिकामी ओळ येऊ देऊ नका, कारण कॉमनमार्कच्या दृष्टीने तो एचटीएमएल खंड रिकाम्या ओळीपाशी संपतो आणि पुढच्या ओळी चार जागा आत सरकवलेल्या असतील तर त्या कोड म्हणून छापल्या जातात. याच्या उलट चूक यामल (ओपनएपीआयची फाइल लिहिण्याची एक मांडणी) लिहिताना होते. तिथे मजकुराची सुरुवात उभ्या रेघेऐवजी 'पेक्षा मोठे' या चिन्हाने केली, तर दोन परिच्छेदांमधली एकच रिकामी ओळ साध्या ओळबदलात रूपांतरित होते आणि ते परिच्छेद एकमेकांना चिकटतात. म्हणून लांब वर्णनासाठी उभी रेघच वापरावी.