जर्मनीतल्या डेगेनडॉर्फमध्ये वर्षभर तापमान कसं असतं? पुण्याहून येणाऱ्या मुलीनं कसली तयारी ठेवावी?

तुमची मुलगी ऑक्टोबरात पुण्याहून इथं शिकायला येतेय आणि महिनेवार सरासरीचा तक्ता बघून तुम्ही धास्तावला आहात, असं प्रश्नावरून वाटलं. मी सात वर्षं डेगेनडॉर्फमध्ये राहतेय. तक्ता बरोबर आहे. जानेवारीची सरासरी शून्याच्या आसपास, जुलैची १९ अंशांच्या आसपास. पण मी सांगेन, उणे दहाला घाबरू नका. तयारी करायची ती नोव्हेंबरातल्या दोन-तीन अंशांची.

त्याचं कारण गावाच्या जागेत आहे. पायाशी डॅन्यूब नदी, पाठीशी लगेच बव्हेरियन जंगलाचे डोंगर. ऑक्टोबरच्या मध्यापासून रात्र वाढते, वारा पडतो आणि डोंगरउतारावरची गार, जड हवा घरंगळत येऊन खोऱ्यात साचते. नदीकाठचा ओलावा तिच्यात थंड होऊन धुकं धरतं, वरून उबदार हवेचं झाकण बसतं. हिवाळ्यात पहाटे राजगडावरून खाली धुक्याचा समुद्र दिसतो ना, तसंच. फक्त आपल्याकडे उन्हं चढली की ते विरतं. इथला नोव्हेंबरातला सूर्य इतका खालून जातो की त्याच्याच्यानं ते हटत नाही, कधीकधी आठवडाभर. त्यात डिसेंबरात सव्वाचारलाच सूर्य मावळतो. ही दमट थंडी अंगात मुरते आणि मनावरही बसते. मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

माझ्या पहिल्या नोव्हेंबरात सलग नऊ दिवस ऊन दिसलं नव्हतं. घरी फोनवर बोलतानाही रडू यायचं. शेजारच्या आजींच्या ते ध्यानात आलं. त्यांनी मला गाडीत बसवलं आणि रुसेलच्या खिंडीकडे घेऊन गेल्या. गाव ३१० मीटरवर, खिंड साडेआठशेच्या आसपास. निघताना गाडीतला आकडा २ होता. शेवटच्या वळणांवर धुकं एकदम संपलं, निळं आकाश, आकडा ११! दक्षिणेला पांढऱ्या समुद्रापलीकडे आल्प्सची रांग. उंचावर गेलं की थंडी वाढते हे शाळेत शिकलेलं, इथं या दिवसांत उलटं होतं. तेव्हापासून धुकं दोन दिवस टिकलं की मी डोंगर गाठते. तुमच्या मुलीनंही हे जरूर करावं.

जानेवारी-फेब्रुवारीत शेजारच्या चेक देशातल्या बोहेमियाकडून पूर्वेचा वारा सुटतो, त्याला ब्योमविंड म्हणतात. पारा उणे दहाखाली जातो, पण हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असतं. टोपी, मोजे, एकावर एक कपडे घातले की फिरता येतं. बर्फापेक्षा वितळून पुन्हा गोठलेला फूटपाथ वाईट, म्हणून तळाला पकड असलेले बूट हवेतच. जाड जॅकेट पुण्यात घेऊ नका, इथं आल्यावर घ्यावं. आणि हीटर चालू असला तरी दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरते.

वसंत मात्र फसवा. एप्रिलमध्ये एक दिवस २२ अंश, चार दिवसांनी बर्फ. आपल्याकडे शेतकरी नक्षत्रं धरून चालतात, तसे इथले लोक ‘आइसहाइलिगे’, म्हणजे बर्फाचे संत, मानतात: १२ ते १५ मे, पंक्राझ, सर्वाझ, बोनिफाझ या संतांचे दिवस आणि शेवटी ‘काल्टे सोफी’, म्हणजे थंड सोफी. ती गेल्याशिवाय टोमॅटोची रोपं कुणी बाहेर लावत नाही. मी एका एप्रिलअखेर लावली होती, मिरचीसुद्धा. एका रात्रीत सगळी काळी पडली.

उन्हाळा तुम्हाला सोपा वाटेल, पण घरांत पंखेसुद्धा नसतात. ३२-३३ अंशांना छपराखालची खोली भट्टी होते. दिवसा खिडक्यांचे पडदे बंद, रात्री खिडक्या उघड्या. वर्षातला जास्त पाऊसही याच महिन्यांत, बहुधा गडगडाटासह.

मुलीला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येता आलं तर बघा. कोरडी, सोनेरी उन्हं असतात, दुपारी वीसेक अंश, हवेत कोळ्यांचे धागे तरंगत असतात. गावाची ओळख त्या दिवसांत झाली, तर पुढचं धुकं तिला परकं वाटणार नाही.