वाचकांचे प्रश्न : अँटिबॉडीचा चुरा झाला का?

प्रश्न : सशाच्या आयजीजीत (रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीत) पपेन हे प्रथिन कापणारं एन्झाइम घालून रात्रभर ठेवलं. फॅब, म्हणजे प्रतिजन धरणारा तुकडा, ५० किलोडाल्टनला (रेणूच्या वजनाचं एकक) दिसायला हवा. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर २५ पाशी एकच जाड पट्टा आहे. अँटिबॉडीचा चुरा झाला का? – एम.एस्सी. विद्यार्थी, पुणे

उत्तर : बहुधा नाही. आधी सॅम्पल बफर (जेलवर घालण्याआधी प्रथिन ज्यात मिसळतात ते द्रावण) पाहा. त्यात मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी हे साखळ्यांमधले बंध तोडणारं रसायन असेल, तर हे जेल असंच दिसणार.

आयजीजी १५० किलोडाल्टनचं. त्यात ५० च्या दोन जड आणि २५ च्या दोन हलक्या साखळ्या डायसल्फाइड (गंधकाच्या) बंधांनी जोडलेल्या असतात. पपेन (पपईच्या चिकातलंच) बिजागरीच्या (मधल्या लवचीक सांध्याच्या) वर कापतं आणि दोन फॅब (वरचे हात), एक एफसी (खालचा दांडा) असे साधारण ५० चे तीन तुकडे पडतात. फॅबमध्ये अख्खी हलकी साखळी आणि जड साखळीचा वरचा अर्धा भाग. प्रतिजन धरणारी सहा वळणं दोघींची मिळून, प्रत्येकीची तीन. बंध तोडले की फॅब आणि एफसी दोन्ही २५ च्या आसपासच येतात. अशा जेलवर ५० ला पट्टा दिसला, तर तो न कापलेल्या जड साखळीचा. तो नाही, म्हणजे तुमचं पपेन चाललंय!

आता मर्कॅप्टोइथेनॉल न घालता जेल चालवा. तरीही २५ आलं, तर दोष सिस्टीन या अमिनो आम्लाचा. पपेन जागं करायला ते लागतं, पण जास्त झालं तर साखळ्यांमधले बंधही तोडतं. प्रमाण असं ठेवा : ५ मिग्रॅ आयजीजीला ५० मायक्रोग्रॅम पपेन, १० मिलिमोलर सिस्टीन, २ मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन बांधणारं रसायन), पीएच ७, तापमान ३७ अंश. सिस्टीन त्याच दिवशी विरघळवा. त्याचं हायड्रोक्लोराइड पीएच खाली ओढतं, म्हणून ते घातल्यावर पीएच पुन्हा मोजा. पुण्यातल्या एप्रिलच्या भरवशावर नळ्या टेबलावर ठेवू नका, वॉटर बाथ लावा. ०, १, २, ४ आणि ८ तासांनी नमुने काढून लगेच पपेन थांबवणारं आयोडोअसिटामाइड घाला. पुढे प्रोटीन ए (एफसीला धरणारं प्रथिन) कॉलमवर एफसी आणि न कापलेलं आयजीजी अडकतं, फॅब वाहून येतो.

प्रश्न : सर्पदंशाच्या लशीतही फॅबच असतो का? – वाचक, पुणे

उत्तर : ती लस नव्हे, घोड्याच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं (अँटिबॉडी). नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरच्या आपल्या औषधात पपेनऐवजी पेप्सिन हे एन्झाइम वापरतात. ते बिजागरीच्या खाली कापतं, त्यामुळे दोन्ही हात (फॅब) जोडलेलेच राहतात. एफसी गेला तरी प्रथिन घोड्याचंच. रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवूनच ते देतात.