५० पैकी ३१ म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिल्या वर्षाच्या ६० मुलांची इंग्रजीची चाचणी घ्यायची आहे, वेळ एक तास. शब्दसंग्रह, व्याकरण आणि वाचन तिन्ही त्यात हवं. ५० बहुपर्यायी प्रश्न काढायचे असं ठरलंय. तयार पेपर कुठे मिळेल आणि किती गुणांच्या वर मूल 'बरं' समजायचं, हे तुम्ही विचारलंय. पेपरचं पुढे सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अशी रेघ आखूच नका. निदान एकूण गुणांवर तरी नको.

का ते पाहा. समजा शब्दांचे २०, व्याकरणाचे १५ आणि वाचनाचे १५ प्रश्न आहेत. एका मुलाला १८, १० आणि ३ मिळाले. दुसऱ्याला ८, ९ आणि १४. दोघांची बेरीज ३१. पहिल्यानं शब्दांच्या याद्या घोकल्यात, पण परिच्छेद हातात पडला की त्याची गाडी अडते. दुसऱ्याचे शब्द तोकडे आहेत, तरी वाचायची सवय असल्यामुळे तो संदर्भावरून वाट काढतो. या दोघांना एकाच बाकावर बसवून एकच उजळणी वर्ग घेतलात तर दोघांचाही वेळ जाईल. म्हणून तीन भागांचे तीन आकडे वेगळे लिहा. बेरजेचा रकाना ठेवूच नका. ठेवलात तर वरचे लोक तेवढाच बघतील, हे मी अनुभवानं सांगतो.

शिवाय त्या पहिल्या मुलाचे वाचनातले ३ गुण म्हणजे काहीच नाही. चार पर्यायांच्या १५ प्रश्नांत परिच्छेदाकडे न बघता खुणा केल्या तरी सरासरी पावणेचार मिळतात. पूर्ण ५० प्रश्नांत नुसत्या अंदाजावर १२-१३ येतात, नशीब जोरावर असेल तर १७-१८ सुद्धा. तेव्हा 'निदान १५ तरी पडले' असं कुणी म्हणालं तर त्यात समाधान मानण्यासारखं काही नसतं.

आता शब्दसंग्रह. इथे तयार पेपर घ्या, स्वतः काढू नका. आपण काढायला बसलो की हात आपोआप अवघड, दिमाखदार शब्दांकडे जातो. असे शब्द वर्गात दोघांनाच येतात, आणि उरलेल्या ५८ जणांबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. इंग्रजीतले शब्द किती वारंवार येतात त्यानुसार त्यांचे हजार-हजारांचे थर पाडलेले आहेत. मूल कोणत्या थरापर्यंत पोहोचलंय, हे शोधायचं असतं. पॉल नेशन यांनी १९८३ साली याच कल्पनेवर शब्दपातळी चाचणी बनवली. नॉर्बर्ट श्मिट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची सुधारित रूपं केली. त्यात २,०००, ३,०००, ५,००० आणि १०,००० असे थर आहेत, आणि अभ्यासविषयक शब्दांचा एक वेगळा भाग आहे. एका बाजूला सहा शब्द, दुसऱ्या बाजूला तीन सोपे अर्थ, जोड्या लावायच्या. सहातून तीन निवडायचे असल्यामुळे अंदाजाला फारसा वाव राहत नाही, आणि पाच-सहा मिनिटांत ३० शब्द तपासून होतात. एका थरात ३० पैकी २६ च्या खाली राहिलं तर तो थर अजून कच्चा आहे असं बरेच अभ्यासक धरतात. मीही तेच धरतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी २,००० चा थर आणि अभ्यासविषयक भाग एवढंच देतो. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) यादी केली, तिच्यावर तो भाग बेतलेला आहे. पाठ्यपुस्तकी मजकुरातले साधारण १० टक्के शब्द या यादीतून येतात. म्हणजे ज्याला ही यादी येत नाही, तो कुठल्याही विषयाचं पुस्तक उघडलं की दर ओळीत एकदा तरी ठेचकाळतो. त्याला इंग्रजी पेपरातच नाही, सगळ्याच पेपरांत त्रास होतो.

शब्द किती लागतात याचा एक अंदाज देतो. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासातून असं पुढे आलं की मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. ३०० शब्दांच्या पानावर सहा अनोळखी, एवढं चालतं. ९० टक्क्यांवर तेच तीस होतात, आणि मग वाचणं उरत नाही, खड्डे चुकवणं सुरू होतं. वाचनात कच्चा दिसणारा मुलगा कित्येकदा मुळात शब्दांत कच्चा असतो. त्याला 'मध्यवर्ती कल्पना कशी ओळखावी' हे शिकवून काय उपयोग?

तयार चाचणीतून एक गोष्ट मात्र सुटते: सोप्या शब्दांचे दुसरे अर्थ. एकदा परिच्छेदात 'द मॅनेजर ॲड्रेस्ड द इश्यू' असं वाक्य होतं. एका मुलीनं 'मॅनेजरनं पत्ता दिला' या अर्थाचा पर्याय निवडला. मी तिला बोलावून विचारलं, तर म्हणाली, "सर, ॲड्रेस म्हणजे पत्ता, आणि इश्यू म्हणजे मासिकाचा अंक. मासिकावर पत्ता घातला असेल." तर्क बिनचूक! दोन्ही शब्द तिला 'येत' होते. शब्दांच्या चाचणीत तिला दोन्हींचे गुण मिळाले असते. असे सात-आठ शब्द छोट्या वाक्यांत घालून तुम्ही स्वतः वेगळे विचारा.

व्याकरणाकडे वळतो. नियमाचं नाव विचारणारे प्रश्न काढून टाका. 'हा कोणता काळ आहे' याचं उत्तर देणारी आणि तोच काळ बोलताना चुकवणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. चुकीचे पर्याय घरी बसून कल्पनेनं रचू नका. आधी तीच वाक्यं रिकाम्या जागा ठेवून पंचवीसेक मुलांना द्या आणि त्यांना हवं ते लिहू द्या. मग त्यांच्या चुकाच पर्याय म्हणून वापरा. मराठीतून येणाऱ्या चुका इतक्या ठरीव असतात की पहिल्या पाच कागदांतच सापडतात. आपण 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणतो, म्हणून 'डिस्कस्ड अबाउट' येतं. आपल्याकडे 'द' आणि 'अ' नाहीत, म्हणून ते कुठे गळतात, कुठे फुकट चिकटतात. 'मी दोन वर्षं इथे राहतोय' यावरून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' येतं. मूल खरंच ज्याला भुलतं तोच पर्याय कामाचा. कुणीच ज्याकडे वळत नाही तो नुसती जागा अडवतो. आणि चार पर्याय हवेतच असं काही नाही. मायकेल रॉड्रिगेझ यांनी २००५ मध्ये ८० वर्षांतला अभ्यास एकत्र तपासला, आणि तीन पर्याय पुरेसे असतात असा निष्कर्ष काढला. चौथा पर्याय सुचता सुचत नाही तेव्हा तो सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका.

पण व्याकरणासाठी खरं तर मी बहुपर्यायीपेक्षा क्लोझ देतो. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही जुनी पद्धत आहे: एक सलग उतारा घ्यायचा, पहिलं वाक्य अखंड ठेवायचं आणि पुढे दर सातवा शब्द गाळायचा. काढायला दहा मिनिटं लागतात. मात्र तपासताना मूळ शब्दच हवा असा हट्ट धरू नका, बसणारा कुठलाही शब्द चालवून घ्या. एका उताऱ्यात 'ही वॉज टायर्ड' नंतर स्वल्पविराम, मग रिकामी जागा आणि पुढे 'ही केप्ट वर्किंग' असं होतं. निम्म्या वर्गानं 'सो' लिहिलं. दमला होता, म्हणून काम करत राहिला! 'टायर्ड' सगळ्यांना येत होता, 'केप्ट वर्किंग'सुद्धा. दोन तुकड्यांमधला 'तरीही' त्यांना दिसला नव्हता. ही चूक व्याकरणाची म्हणायची की वाचनाची, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि बहुपर्यायी प्रश्नात ती मला दिसलीही नसती.

वाचनाच्या भागात तुमचा सगळ्यात जास्त वेळ जाईल, आणि जायलाच हवा. एक कसोटी न चुकता लावा: प्रश्न तयार झाले की ते परिच्छेदाशिवाय एखाद्या सहकाऱ्याच्या हातात द्या. मी झोपेवरचा एक उतारा निवडला होता, दहा प्रश्न काढले होते, आणि स्वतःवर खूश होतो. वाणिज्य विभागातल्या सहकाऱ्यानं उतारा न बघता सात बरोबर सोडवले. 'झोप कमी झाली की काय होतं' याला उतारा कशाला लागतो, असं तो हसत म्हणाला. तीन ठिकाणी बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा ठळक लांब होता, आणि पाचव्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या वाक्यातच दडलं होतं. ती वाचनाची चाचणी नव्हती, सामान्यज्ञान आणि चलाखीची होती.

दुसरा घोळ असतो शब्दांच्या शिकारीचा. 'कोणत्या साली', 'किती', 'कोणी' हे प्रश्न आले की मुलं प्रश्नातला एक शब्द पकडतात, उताऱ्यात तो शोधतात आणि शेजारची ओळ उचलतात. समजायची गरजच पडत नाही. म्हणून प्रश्नात उताऱ्यातले शब्द पुन्हा वापरू नका. 'या ओळीतला "दिस" (this) हा शब्द कशाबद्दल आहे', 'लेखक या मताशी सहमत आहे का', 'हे वाक्य काढलं तर काय बिघडेल' असं विचारा. आणि छोट्या शब्दांवर लक्ष ठेवा. 'शी हार्डली स्पोक' या वाक्यावर बेतलेल्या प्रश्नात कित्येक मुलांनी 'ती खूप बोलली' निवडलं होतं, कारण हार्ड म्हणजे जोरात! 'हार्डली', 'अनलेस', 'यट', 'रादर दॅन' यांवर अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ फिरतो, आणि शब्दांच्या यादीत त्यांना कुणी विचारत नाही.

वेळेचं गणित आत्ताच करा. इंग्रजी मातृभाषा असलेले प्रौढ लोक माहितीपर मजकूर मनात वाचतात तो मिनिटाला सरासरी २३८ शब्दांनी, असं मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये बऱ्याच अभ्यासांवरून काढलं. माझ्या वर्गातली बरीच मुलं शंभर-सव्वाशेच्या आसपास असतात. ४०० शब्दांच्या उताऱ्याला त्यांना चार मिनिटं नुसती वाचायला लागतात, मग प्रश्नांसाठी परत फिरायला आणखी सात-आठ. तासात ५० प्रश्न कोंबलेत तर शेवटचे दहा कुणीही वाचणार नाही, नुसत्या खुणा केल्या जातील. मी वेळ असा वाटून देतो: शब्दांना बारा मिनिटं, क्लोझला दहा, दोन उताऱ्यांना मिळून तीस. उरलेली मिनिटं सूचना, पेनं आणि 'सर, नाव कुठे लिहायचं' यात जातात.

चाचणी झाल्यावर गुण मांडून थांबू नका. ६० कागद असतील तर त्या त्या भागाच्या गुणांनुसार वरचे १६ आणि खालचे १६ वेगळे काढा, म्हणजे सुमारे २७ टक्के. प्रत्येक प्रश्न दोन्ही गठ्ठ्यांत किती जणांना आला ते मोजा, वजाबाकी करा आणि १६ नं भागा. ०.२ च्या खाली आलं तर प्रश्नावर संशय घ्या. उणे आलं तर दोष प्रश्नाचाच, मुलांचा नाही. माझ्या एका प्रश्नात 'द टीम' पुढे रिकामी जागा आणि मग 'विनिंग' होतं, आणि उत्तरसूचीत 'इज'. वरच्या १६ पैकी पाच जणांनी ते लिहिलं, खालच्या १६ पैकी नऊ जणांनी. उत्तर आलं उणे ०.२५. चांगल्या मुलांनी 'आर' लिहिलं होतं, कारण ती इंग्रजी समालोचन ऐकतात आणि ब्रिटिश इंग्रजीत संघाला अनेकवचनही चालतं. मी हुशारांनाच शिक्षा केली होती. गुण दुरुस्त केले, प्रश्न फेकून दिला.

पहिल्या वर्षी वाचनाचे चार-पाच प्रश्न असेच गळतील. जे टिकतील ते जपून ठेवा, प्रश्नपत्रिका वर्गातच परत घ्या, तिचा फोटो बाहेर फिरू देऊ नका, आणि दरवर्षी थोडी भर घाला. चार वर्षांत स्वतःची प्रश्नपेढी तयार होते. तोवर या आकड्यांवर कुणाचा प्रवेश किंवा तुकडी ठरवू नका. १५ प्रश्नांचा भाग तेवढा भार पेलत नाही.

आणि निकालानंतर पाच मुलांना एकेक करून बोलावा: दोन ज्यांचे तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत अशी, दोन अगदी मधली, आणि एक ज्याच्याकडून तुमची फार अपेक्षा होती. कागद समोर ठेवा आणि 'हा पर्याय का निवडलास' एवढंच विचारा. बरोबर उत्तरांबद्दलही विचारा.