एक नोड पडला की नाल्यापलीकडचे चारही गप्प

प्रश्न : मोसंबीच्या बागेत ओलावा मोजायला मेशटॅस्टिकवर (एकमेकांचे निरोप पुढे देणाऱ्या रेडिओंची प्रणाली) चालणारे नऊ लोरा नोड, म्हणजे लांब पल्ल्याचे छोटे रेडिओ संच, बसवले आहेत. विहिरीजवळचा नोड बंद पडला की नाल्यापलीकडच्या चारही नोडच्या नोंदी थांबतात. असे का?
– एक वाचक, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : पलीकडच्या चौघांचा निरोप आखाड्यावरच्या गेटवेपर्यंत (सगळ्या नोंदी गोळा करणारे यंत्र) यायला विहिरीवरचा नोड ही एकच वाट आहे. असे आणखी किती कच्चे दुवे आहेत ते आधी शोधा. एकेक नोड मुद्दाम बंद करा आणि बाकीचे आठ गेटवेला दिसतात का ते टिपा. नोंद दर 15 मिनिटांनी येत असेल तर पाऊण तास थांबा. एखादा निरोप एरवीही हुकतो.

कच्च्या दुव्याला जोडीदार द्या, पण त्याच खांबावर नको. खांब आडवा झाला किंवा सौर पॅनेल चोरीला गेले तर दोन्ही एकदम जातील. शे-दीडशे मीटर लांब, स्वतंत्र बॅटरीवर बसवा. मेशटॅस्टिकच्या सेटिंगमध्ये त्याची भूमिका ‘क्लायंट’ ठेवा. ‘क्लायंट म्यूट’ असलेला नोड दुसऱ्याचा निरोप पुढे देतच नाही.

एवढे करूनही नोंदी येत नसतील तर अँटेना बदलण्याआधी हॉपची मर्यादा पाहा. ती मुळात 3 असते, म्हणजे निरोप तीनदाच पुढे ढकलला जातो. वळशाच्या वाटेवर मधले नोड चार असले की तो गेटवेच्या दारात येऊन संपतो. मर्यादा 4 करा, आणि तीही निरोप जिथून निघतो त्या नोडवर. मधल्यावर बदलून उपयोग नाही. कमाल 7 चालते, पण उगाच वाढवली तर हवेत गर्दी होऊन निरोप एकमेकांवर आदळतात.

ही चाचणी उन्हाळ्यात उरकू नका. रान मोकळे असताना पास झालेली वाट शेजारचा ऊस डोक्यावर गेला की बंद होते. अँटेना झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच हवी.

गेटवे एकच असेल तर तोही कच्चा दुवाच, हे विसरू नका.

प्रश्न : पत्र्याच्या डब्यातल्या 18650 बॅटऱ्या (गोल लिथियम-आयन सेल) एका उन्हाळ्यातच उतरल्या.
– एक वाचक, परभणी

उत्तर : लिथियम-आयन सेल 45 अंशांच्या वर चार्ज होऊ नये. सावलीत 42 असताना उन्हातला बंद पत्रा केव्हाच त्यापुढे जातो. पांढरा प्लॅस्टिकचा डबा पॅनेलच्या सावलीत टांगा. पत्र्याच्या आत अँटेना ठेवली असेल तर तीही बाहेर काढा. पत्रा सिग्नल अडवतो. मात्र अँटेना सुटी असताना नोड सुरू करू नका, रेडिओ जळू शकतो.