क्लास न लावता ‘नीट’ निघते का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता बारावी सायन्सला आहे, मेडिकलच्या ‘नीट’ या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. माझ्या वर्गातल्या सात-आठ मुली लातूरला गेल्या. क्लास, हॉस्टेल, मेस सगळं धरून आमच्या घरी ते झेपणारं नाही आणि पप्पांकडे मी मागणार पण नाही. मोबाईलवर लेक्चर बघते, वह्या भरल्यात, पण टेस्ट सोडवायला बसलं की फिजिक्सला हातपाय गळतात आणि बायोत येत असलेलं पण चुकतं. घरी बसून नीट निघते का खरंच, की मी स्वतःलाच फसवतेय? आणि पेपर मराठीतून देऊ का?

उत्तर : बाळा, घरी बसून निघते. पण तू आत्ता जे करतेयस तेवढ्यावर निघणार नाही, म्हणून सगळं नीट सांगते. मी ज्युनियर कॉलेजला वर्षानुवर्षं बायो शिकवलंय आणि क्लासला जाणाऱ्या मुलांना नेमकं जास्तीचं काय मिळतं हे जवळून बघितलंय. शिकवणं तर आता फोनवरही चांगलं मिळतं, आयआयटी कानपूरचं ‘साथी’ तर फुकट आहे, एनसीईआरटीची पुस्तकं फुकट डाउनलोड होतात. त्यांना जास्तीचं मिळतं ते म्हणजे दर आठवड्याला कोणीतरी समोर बसवून पेपर सोडवून घेतं आणि मार्क तोंडावर सांगतं. घरी अभ्यास करणाऱ्या मुलीला हे काम स्वतःच स्वतःसाठी करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. लेक्चर बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं ना, ते समोरच्याला येत असतं म्हणून.

बायोचंच बघ. 180 प्रश्नांतले 90 बायोचे, 720 पैकी 360 मार्क, म्हणजे अर्धा पेपर. बारावीच्या पुस्तकात मेसेल्सन आणि स्टालचा प्रयोग आहे. ई. कोलाय आधी जड नायट्रोजनमध्ये वाढवले, मग साध्या नायट्रोजनमध्ये टाकले, 20 मिनिटांनी सगळा डीएनए हायब्रिड निघाला, म्हणजे एक धागा जड आणि एक हलका, 40 मिनिटांनी अर्धा हायब्रिड अर्धा हलका. एवढं वाचून सगळे अंडरलाईन करतात आणि पान उलटतात. तू पुस्तक मिटव आणि कोऱ्या कागदावर लिही, 80 मिनिटांनी काय असेल? दर 20 मिनिटांनी एक पिढी म्हणजे चार पिढ्या, एका रेणूचे सोळा झाले, पण जुने जड धागे होते दोनच, ते दोन वेगवेगळ्या रेणूंत गेले, म्हणजे 2 हायब्रिड आणि 14 हलके, 1:7. हा प्रश्न एनसीईआरटीने त्याच धड्यात विचारलाय, पण तिथे थांबून कागदावर करून बघणारी मुलं मला फार कमी भेटली. प्रत्येक धडा असा मिटवून वाचायचा. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

फिजिक्सला हातपाय गळतात कारण तू गणितं सुटताना बघितलीस, सोडवली नाहीस. सरांनी उदाहरण वाचून दाखवलं की व्हिडिओ तिथेच थांबव, दहा मिनिटं स्वतः झगड, नाही आलं तरच पुढे बघ, आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित न बघता परत कर. सुरुवात करंट इलेक्ट्रिसिटी, सेमीकंडक्टर, मॉडर्न फिजिक्सपासून कर, तिथे सूत्र समजून वापरलं की बरेच प्रश्न सुटतात आणि धीर येतो. रोटेशन नंतर घे.

आता रविवारचं. दुपारी 2 ते 5 फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि मागच्या वर्षांचा एक पूर्ण पेपर सोडव. दुपारीच, कारण खरा पेपरही त्याच वेळेला असतो. गावाकडची मुलं पहाटे चारला उठून अभ्यास करतात आणि दुपारी त्यांचे डोळे मिटतात, ही सवय आत्तापासून मोडावी लागेल. ओएमआर शीटच्या, म्हणजे उत्तराचे गोळे भरायच्या कागदाच्या, झेरॉक्स काढून आण आणि काळ्या बॉलपेनने गोळे भर. वहीत एबीसीडी लिहून त्याचा सराव होत नाही, गोळे भरण्यात किती मिनिटं जातात ते तुला तेव्हाच कळेल. 2021 ते 2024 च्या पेपरात 200 प्रश्न होते आणि त्यातले 180 सोडवायचे होते, 2025 पासून ते ऑप्शन गेले आणि 180 मिनिटांत 180 प्रश्न झाले, त्यामुळे जुना पेपर घेतलास तरी वेळ तीनच तास लाव.

पेपर तपासल्यावर मार्कांची बेरीज करून झोपायचं नाही. एक चुकांची वही घाल. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर लिहायचं, हे माहीतच नव्हतं, की माहीत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही, की अंदाजाने गोळा भरला. तुझं ‘येत असलेलं चुकतं’ हे बहुतेक दुसऱ्या प्रकारात निघेल. ‘चुकीचं विधान कोणतं’ असं विचारलेलं असतं आणि पोरं पहिलं बरोबर विधान दिसलं की गोळा भरून मोकळी होतात. अंदाजाचंही गणित कर, 20 प्रश्न अंदाजाने भरलेस आणि 4 बरोबर आले तर 16 मार्क मिळाले, 16 गेले, हातात शून्य.

मराठीतून पेपर देता येतो, पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. एनसीईआरटी मराठीत नाही आणि तू दोन वर्षं मायटोकॉन्ड्रिया, न्यूक्लियस असंच वाचतेयस, तर माझ्या मते इंग्रजीच घे. इंग्रजी अडतं म्हणून घाबरू नकोस, लागणारे शब्द ठरलेले असतात, धडा वाचताना ते वहीच्या मागे लिहीत जा, दोन-तीन महिन्यांत अडखळणं कमी होईल. आणि घरात कोणी दहावीला असेल आणि तुम्ही ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसीमध्ये येत असाल तर नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेचं नीटचं मोफत ऑनलाईन प्रशिक्षण बघ, टॅबही मिळतो, दहावीच्या निकालानंतर अर्जाकडे लक्ष ठेवायचं.

प्रश्न : मुलीला नीटला 410 मार्क आले. निकालावर ती पात्र आहे, पण सगळे म्हणतात गव्हर्नमेंटला नंबर लागणार नाही. घरीच अभ्यास करून रिपीट करायचं म्हणते. करू द्यावं का? – एक वडील, नाशिक

उत्तर : आधी पात्र या शब्दाचा घोळ काढू. ओपनला 50 आणि राखीव प्रवर्गांना 40 पर्सेंटाईल लागतं, आणि पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, बाकी मुलांच्या तुलनेत ती कुठे आहे एवढंच ते सांगतं. पात्र म्हणजे काउन्सेलिंगला, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्यांना, बसता येतं, सीट मिळेलच असं नाही.

रिपीटचं नातेवाइकांना विचारू नका. परीक्षा घेणारी एनटीए तिच्या ओएमआरची कॉपी आणि आन्सर की देते, ते घेऊन दोघं एक संध्याकाळ बसा आणि 310 मार्क नेमके कुठे गेले ते धडावार लिहा. फिजिक्सचे सहा-सात धडे हातच लावले नव्हते असं निघालं तर वर्ष कारणी लागेल, करू द्या. सगळं केलेलं असूनही सगळीकडे थोडं थोडं गेलं असेल तर आधी चार रविवार वर सांगितल्यासारखे पूर्ण पेपर घ्या आणि मार्क हलतात का बघा, मग ठरवा. तोपर्यंत राज्याच्या सीईटी सेलचा फॉर्म सोडू नका, 85 टक्के राज्य कोट्याचं ॲडमिशन तिथूनच होतं. बीएएमएस, बीएचएमएसही नीटवरच आहेत, व्हेटर्नरीलाही नीटचेच मार्क लागतात, फक्त त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो. यातलं तिला काही आवडतं का हे तिला एकटीला, शांतपणे विचारा. आणि राखीव जागेवर अर्ज करणार असाल तर कास्ट व्हॅलिडिटीची फाईल याच आठवड्यात टाका.