गाणी तीच, मग आवाज वेगळा का?

प्रश्न : नमस्कार, फोर्टात फूटपाथवर चक बेरीची (तो अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवाला) ‘गोल्डन हिट्स’ नावाची एलपी मिळाली, ८०० रुपयांत, कव्हर एकदम मस्त. पण घरी लावली तर ‘मेबेलीन’ मोबाईलवर ऐकतो तसं वाटतच नाहीये. रेकॉर्ड डुप्लिकेट आहे की माझा प्लेअर बिघडलाय?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : अहो, प्लेअरला कशाला दोष देताय, बिचारा बरोबरच वाजवतोय. आणि रेकॉर्डही डुप्लिकेट असेलच असं नाही. झालं काय, चक बेरीची गाजलेली गाणी १९५५ पासून शिकागोच्या चेस कंपनीने काढली, मग १९६६ मध्ये तो मर्क्युरी कंपनीकडे गेला आणि जुनी रेकॉर्डिंग्ज राहिली चेसकडेच. आता मर्क्युरीला त्याचे हिट्स तर विकायचे होते, म्हणून त्याच्याकडून तीच गाणी परत गाऊन घेतली आणि १९६७ ला ‘गोल्डन हिट्स’ बाजारात आणली. म्हणजे गायक तोच, गाणी तीच, पण रेकॉर्डिंग दहाबारा वर्षांनंतरचं! तुमच्या एलपीच्या मधल्या गोल लेबलवर मर्क्युरी लिहिलंय का बघा, असेल तर विषयच संपला. मोबाईलवर ऐकतानाही गाण्याखाली कंपनी आणि साल बघत जा, तिथेही दोन्ही व्हर्जन्स शेजारी शेजारी असतात.

कानाला फरक कळतोच म्हणा. मूळ ‘मेबेलीन’ मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज, गिटारचा आवाज जरा फाटका, खरखरीत, आणि मागे जॉनी जॉन्सनचा पियानो, विली डिक्सनचा बास. गाण्यातला हिरो व्ही-एट इंजिनाची फोर्ड घेऊन कॅडिलॅक गाडीचा पाठलाग करतोय आणि बँडपण तसाच सुटलाय, कोणी कोणासाठी थांबत नाही. हा जॉन्सन म्हणजे सेंट लुईसमध्ये ज्याच्या बँडमध्ये बेरी आधी नुसता गिटार वाजवायला आला होता तो, त्यामुळे दोघांचं जमलेलं ते काही वेगळंच. नंतरचं रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, पण मला विचाराल तर त्यात मजा नाही. (या गाण्याच्या श्रेयात अ‍ॅलन फ्रीड या रेडिओवाल्याचंही नाव घातलं होतं, का ते ओळखा, रेडिओवर वाजावं म्हणून! ते पूर्ण श्रेय बेरीला परत मिळायला १९८६ उजाडलं.)

एकच संग्रह घ्यायचा तर ‘द ग्रेट ट्वेंटी-एट’ घ्या. १९८२ मध्ये चेसच्याच रेकॉर्डिंग्जमधून काढलेला दोन एलपींचा सेट आहे, २८ गाणी, ‘रोल ओव्हर बीथोव्हन’, ‘मेम्फिस’, आणि १९७७ ला व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेलं ‘जॉनी बी. गूड’, सगळं ओरिजिनल. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ ला बंद झालं, नाहीतर म्हटलं असतं तिथेच ऐका आणि मगच पैसे द्या. चोर बाजारात मिळाली तर भाव करण्याआधी दोन्ही तबकड्या पाकिटात आहेत ना ते बघा, एकच भरून देतात कधी कधी.

प्रश्न : त्या २८ गाण्यांत ‘माय डिंग-अ-लिंग’ का नाही? अमेरिकेत नंबर वन तर तेच झालं ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हो, त्याचं एकमेव नंबर वन तेच, पण ते १९७२ चं आणि संग्रह थांबतो १९६५ ला. शिवाय डबल मीनिंगचं गाणं आहे हो ते, नाहीये तेच बरं. मला खरी चुटपुट लागते ती ‘यू नेव्हर कॅन टेल’ची, १९६४ चं असूनही घेतलं नाही. ते वेगळं शोधा.